कोकिळाच्या नावाचं पॅकेज

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. तुमच्या शाळेच्या खिडकीपाशी, निळ्या टेबलावर बसलेला, पोट मोठं आणि आवाज त्याहून मोठा, तोच मी. मला चालू केलं की तुमच्यातले काही जण "आलं रे हेलिकॉप्टर!" म्हणून ओरडतात, ते मला ऐकू येतं. म्हणा बापडे! पण माझ्या पंख्याच्या याच घरघरीत एके काळी असं काम झालं आहे की ते कळलं तर तुम्ही मला हेलिकॉप्टर म्हणणार नाही. निदान जरा हळू म्हणाल.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यातला नाही. खामगावच्या एका चिंचोळ्या दुकानात मला जोडलं. डबा एकाचा, आतला बोर्ड दुसऱ्याचा, पडदा कोणाचा तरी वापरून झालेला. दुकानदारानं शेवटचा स्क्रू आवळला, बटण दाबलं, आणि मी एक लांब 'टूं' केलं. "बोलला रे बोलला!" असं तो इतक्या जोरात ओरडला की शेजारचा सायकलवाला पाहायला आला. माझ्या आवाजाचं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

मला घ्यायला आले होते रंगराव. उंद्रीला त्यांची शेती. त्यांची मुलगी कोकिळा कॉलेजात संगणक शिकत होती. बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि कंडक्टरनं कितीही सांगितलं तरी टपावर चढवू दिलं नाही. पुढं कोकिळाचं लग्न नांदुऱ्याला ठरलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मले कपाट नको, पलंग नको. हा तेवढा सोबत द्या." अशा रीतीनं मी नांदुऱ्याच्या घरात शिरलो. तिचा नवरा भगवानराव बाहेरगावी नोकरीला होता, सणासुदीला यायचा. घरात सासरे उकंडराव आणि सासू मनकर्णाबाई.

मनकर्णाबाईंना मी मुळीच आवडलो नाही. "माहेराहून काय तं धूड आणलं पोरीनं," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. तरी दसऱ्याला घरातल्या सगळ्या लोखंडाला हळदकुंकू लागलं, तेव्हा त्यांनी मला वगळलं नाही. विळा, कुऱ्हाड, वजनकाटा आणि शेवटी मी. त्यांनी टाकलेल्या अक्षतांपैकी काही माझ्या फ्लॉपीच्या फटीत गेल्या, त्या अजून आतच आहेत.

कोकिळाला नोकरी करायची होती, पण गावात तिच्या जोगतं काम नव्हतं. काही दिवस तिनं एका क्लासमध्ये शिकवलं, तो क्लासच बंद पडला. मग एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिनं माझ्यात लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे माझ्यासारख्या यंत्राला चालवणारी व्यवस्था, मित्रांनो. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. जगभरातले लोक मिळून ती लिहितात आणि वाटून टाकतात. तिच्याबरोबर लागणाऱ्या इतर आज्ञावल्या निवडून, नीट बसवून, एका सीडीवर घालून लोकांच्या हाती देणं, याला डिस्ट्रिब्युशन म्हणतात. आपल्या जिल्ह्यातल्या काही हौशी लोकांनी असं एक डिस्ट्रिब्युशन चालवलं होतं. त्याचं नाव 'पैनगंगा'. शाळांमध्ये, ग्रामपंचायतींमध्ये, वाचनालयांमध्ये जुनीपानी यंत्रं पडून असत, ती त्यावर छान चालत. सगळ्यांची मोट बांधणारे होते देऊळगाव राजाचे वामनराव. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालेले, कानाला रिसीव्हर लावल्याशिवाय चैन न पडणारे.

या पैनगंगेत कोकिळाही सामील झाली आणि तिच्याकडे आला वेब सर्व्हर. तो काय असतो ते आत्ताच सांगतो, नाहीतर पुढं तुम्ही जांभया द्याल. तुम्ही पडद्यावर एखादं पान उघडता, तेव्हा ते कुठल्या तरी दुसऱ्याच संगणकावर ठेवलेलं असतं. तुमची मागणी आली की पान काढून तुमच्यापुढं आणून देणारी एक आज्ञावली तिथं बसलेली असते, पंगतीतल्या वाढप्यासारखी. तो वेब सर्व्हर.

हा वाढपी लिहिणारे लोक दूर परदेशात. ते त्याचा कच्चा माल, म्हणजे लिहिलेल्या फाइली, तेवढ्या पाठवतात. त्या तशाच शाळेच्या हाती दिल्या तर मास्तर काय करणार? कोणी तरी त्या माझ्यासारख्या यंत्रावर घेऊन त्यांचं चालणारं रूप तयार करावं लागतं. कोणती वस्तू कुठं ठेवायची, सोबत आणखी काय लागेल, जुनं असेल तर त्याचं काय करायचं, हे सगळं ठरवून एक गाठोडं बांधावं लागतं. त्या गाठोड्याला म्हणतात पॅकेज. आणि पॅकेजवर बांधणाऱ्याचं नाव असतं. 'सांभाळणार : कोकिळा भगवानराव, नांदुरा.'

दारावरच्या पाटीवर उकंडरावांचं नाव होतं. घरच्या आडत दुकानाच्या फळ्यावर नवऱ्याचं आणि सासऱ्याचं. कोकिळाच्या स्वतःच्या कामाखाली तिचं नाव लागलेली ही जगात एकच जागा होती. पहिलं पॅकेज स्वीकारलं गेलं त्या दिवशी तिनं ती ओळ माझ्या पडद्यावर मोठ्या अक्षरात करून पाहिली, आणि मग कोणी आलं तर म्हणून पटकन लहान केली. मला तिचा फार अभिमान वाटला.

पण त्या काळी आमच्याकडे भारनियमन जबर होतं. वीज सकाळी जायची, जरा यायची, जेवणाच्या वेळी पुन्हा जायची. सर्व्हर पूर्ण बांधायला मला जितका वेळ लागे, तितका वेळ वीज सलग टिकली तर नवलच. रात्री वीज असे. पण मी बैठकीत, आणि उकंडराव झोपणार बैठकीत. "दिवेलागण झाली का हे धूड बंद झालं पाह्यजे," असा त्यांचा हुकूम होता. म्हणून कोकिळानं एक रीत पाडली. वीज गेली की अर्धं झालेलं काम तसंच माझ्या पोटात ठेवायचं, वीज आली की तिथूनच पुढं चालू. आधीचे तुकडे तयारच आहेत, उरलेले करायचे. ज्यांच्याकडे वीज जात नाही ते प्रत्येक वेळी सगळं पुसून पहिल्यापासून बांधतात. त्यांना परवडतं, बाबा. आम्हाला परवडत नव्हतं.

तरीसुद्धा पॅकेज पाठवायला कोकिळाला आधी एकदा उशीर झाला होता, आणि पुन्हा एकदा झाला होता. शहरात राहणारे अर्जुनराव म्हणून एक जण पैनगंगेत होते. माणूस वाईट नव्हता, पण सर्व्हरवर त्यांचा डोळा होता. त्यांच्याकडे वीज चोवीस तास. वामनरावांनी एकदा कोकिळाला स्पष्टच सांगितलं, "ताई, या खेपेला वेळेत नाही आलं तर सर्व्हर अर्जुनरावांकडं द्यावा लागेल. माझा नाइलाज आहे बघा."

आणि नेमकी त्याच खेपेला नवी आवृत्ती आली. जुन्या सर्व्हरमध्ये एक भोक सापडलं होतं. एक ठरावीक, लांबलचक मागणी त्याच्याकडे धाडली की तो जागच्या जागी कोसळायचा, आणि कोसळताना संगणकाचं दार परक्या लोकांना उघडं टाकायचा. नव्या आवृत्तीत हे भोक बुजवलं होतं. कोकिळानं आधी त्या आवृत्तीची चाचणीची प्रत बांधायला घेतली होती, तिच्यात ही दुरुस्ती नव्हती. ते काम अर्ध्यावर असताना खरी आवृत्ती आली. कोकिळानं नव्या फाइली जुन्यांवरच ठेवल्या आणि नेहमीसारखं मला म्हटलं, पुढं चालू.

आता माझा नियम ऐका. मूळ फाइल आणि तिच्यापासून केलेला तुकडा, या दोघांच्या तारखा मी पाहतो. तुकडा मुळापेक्षा नवा असेल तर त्याला हात लावत नाही. दुरुस्तीची फाइल त्या परदेशी माणसानं लिहिली सोमवारी. माझ्या पोटातला जुना तुकडा झाला बुधवारी. फाइल आमच्याकडे पोचली शुक्रवारी, पण तिच्या अंगावर तारीख सोमवारचीच. मी पाहिलं, बुधवार सोमवारनंतर येतो, म्हणजे तुकडा ताजा आहे. सोडला. यात माझं काही चुकलं असं मी आजही मानत नाही. मला जसं शिकवलं तसं मी केलं. पण व्हायचं ते झालं. पॅकेजवर नवी आवृत्ती असं लिहिलेलं, आणि आत तेच जुनं भोक.

पॅकेज गेलं, तेही सगळ्यांच्या आधी. वामनरावांचा लगेच फोन. "ताई, मानलं तुम्हाला! आता अर्जुनरावांनी कितीही म्हटलं तरी सर्व्हर तुमच्याकडंच." कोकिळा त्या दिवशी गुणगुणत स्वयंपाक करत होती. मनकर्णाबाई म्हणाल्या, "काऊन वं, लाटरी लागली काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी कोकिळाला वाटलं, चला, बुजलेलं भोक आपल्या डोळ्यांनी पाहू. तिनं पॅकेजमधला सर्व्हर माझ्यावर चालू केला आणि ती लांबलचक मागणी त्याच्याकडे धाडली. सर्व्हर धाडकन कोसळला. तिला वाटलं, आपलंच टाइप करताना चुकलं. पुन्हा धाडली. पुन्हा कोसळला. मग तिनं तुकड्यांच्या तारखा उघडल्या, एकेका ओळीवरून बोट फिरवत गेली, आणि तिचा हात तोंडावर गेला. "अरे देवा," ती म्हणाली, "हे काय करून बसली मी!"

मित्रांनो, ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. पैनगंगेच्या नव्या सीडीच्या प्रती गावोगावच्या शाळांत जाणार होत्या. तिथं एकदा सीडी घातली की पुढं वर्षानुवर्षं कोणी ढुंकून पाहत नाही. पण जिथं जिथं ती जाईल तिथं तिथं दार सताड उघडं राहणार, आणि वर कोकिळाचं नाव. आणि सांगावं, तर ते नावच हातचं जाणार. तिनं त्या तारखा पुन्हा एकदा पाहिल्या. मग उठली आणि तिनं फोन लावला.

"काका, माह्या पॅकेजात खोट हाये."

"कसली खोट?" वामनराव म्हणाले. "कालपासून तर सगळे वाहवा करायलेत."

"अर्धं जुनं, अर्धं नवं बांधल्या गेलं. लाइन जात होती तं मी पहिल्यापासून बांधलंच नाही. भोक तसंच हाये आत."

वामनराव म्हणाले, "ताई, उद्या संध्याकाळी मी सीडी करायला घेतो. ते काम करणारा माणूस जालन्याहून येणार आहे, तो काही थांबणार नाही. अर्जुनरावांना सांगू का? ते आज बांधून देतील."

"त्यायनं बांधलं तं सर्व्हर त्यायचाच होईन ना?"

"नियम तसा आहे. जो बांधतो त्याचं नाव."

"मले उद्या दुपारपर्यंत द्या, काका. मी पहिल्यापासून बांधतो सगळं."

"दुपारपर्यंत. मग मी त्यांना फोन करणार. राग मानू नका."

"राग कायचा? चूक माही हाये."

मनकर्णाबाई दारात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांचे कान तीक्ष्ण होते. सूप बाजूला सारून त्यांनी विचारलं, "तू सांगतलं नसतं तं त्या बुढ्याले समजलं असतं काय?"

"नाही, आत्याबाई."

"मंग काऊन सांगतलं?"

"लोकायच्या लेकरायच्या शाळेत जाणार हाये ते," कोकिळा म्हणाली, आणि मग जरा थांबून, "अन् माह्यं नाव हाये ना त्याच्यावर."

मनकर्णाबाईंनी सूप पुन्हा ओढलं. तेवढ्यात चौकातून फाडकन आवाज आला आणि मी विझलो. आमच्या आळीचा डीपी जळाला होता. डीपी म्हणजे खांबापाशी बसवलेला वीज वाटणारा पेटारा. तो जळाला की आळीभर अंधार. वायरमन येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "परवाशिवाय काही होत नाही, बाई." उकंडराव दारात उभे होते. ओशाळून म्हणाले, "आज रातभर चालवला असता तरी मी काही म्हटलं नसतं, पोरी." पण आता परवानगी होती आणि वीज नव्हती! कोकिळा माझ्याजवळ येऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी काळ्या पडद्यानं समोर बसलेलो. काय करणार? माझा तर श्वासच वायरीतून येतो.

"रडू नको," मनकर्णाबाई म्हणाल्या. "उद्या आपल्या गावातल्या नारायणरावाच्या पोरीचं लगन हाये. कार्यालयात जनरेटर हाये. याले घेऊन चाल."

कोकिळानं डोळे पुसले. "लग्नात कॉम्प्युटर? लोक काय म्हणतीन, आत्याबाई?"

"लोक जेवाले येतात. जेवतीन अन् जातीन."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी मला जुन्या चादरीत गुंडाळलं, पडदा मनकर्णाबाईंच्या मांडीवर, मी कोकिळाच्या, आणि ऑटो निघाला मंगल कार्यालयाला. दारात पाहुण्यांची ही गर्दी. "मनकर्णाबाईनं आहेर तं भारी आणला हो!" कोणी तरी म्हणालं. आहेर लिहून घेणारा तर पेन सरसावून पुढंच आला, "कोणाकडून लिहू?" मनकर्णाबाईंनी त्याला जागीच थोपवलं. "हात लावू नको बरं. हा आहेर नाही, पाव्हणा हाये."

आम्हाला जागा मिळाली कोठीच्या खोलीत, साखरेच्या पोत्यांच्या आणि तेलाच्या डब्यांच्या मधोमध. विजेची जागा एकच होती, तिथं माझी पिन बसली. बाहेर जनरेटर धडधडत होता. त्याची वीज काही आपल्या घरच्यासारखी सरळ नसते, कमी-जास्त होते, आणि माझा पंखा आधी अडखळला. पण चालू झालो. कोकिळानं सगळ्यात आधी माझ्या पोटातलं सगळं जुनं पुसलं. एकही तुकडा ठेवला नाही. मग कोऱ्या जागेवर नव्या फाइली मांडल्या आणि हात जोडून म्हणाली, "आता सुरू कर. पहिल्यापासून."

मी सुरू केलं. बाहेर सनई, आत मी. वऱ्हाडी आले, नाश्ता झाला, आचारी आत-बाहेर करताना मला वळसा घालून जाऊ लागला. निम्मं काम झालं असेल नसेल, तोच नवरीचे मामा शेषराव घाईघाईनं खोलीत शिरले. फेटा वाकडा झालेला, चेहरा घामानं डबडबलेला.

"मावशी, ही पिन काढा! माइकवाल्याची लाइन जळाली. मुहूर्त तोंडावर आला अन् माइक बंद!"

कोकिळानं माझ्या पडद्याकडे पाहिलं. पिन निघाली असती तर पुन्हा पहिल्यापासून, आणि दुपार काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. ती म्हणाली, "मामा, थोडंसं थांबा ना, होतच आलं." ते काही खरं नव्हतं. शेषराव पिनेकडे वाकले. आणि मनकर्णाबाई उठून पिनेसमोर पाय पसरून बसल्या.

"शेषराव, माह्या पोरीचं काम चालू हाये. पिन निघणार नाही."

"मावशी, लगन थांबलं ना तिकडं!"

"माइकासाठी लगन थांबते काय? माह्या लगनात कुठं होता माइक? झाला ना बिनामाइकाचा संसार!"

"मंग मंगलाष्टकं ऐकू कोणाले जातीन? महाराजाचा आवाज पहिल्या रांगेच्या पुढं जात नाही."

मनकर्णाबाईंनी गुडघ्यावर हात टेकले आणि उठल्या. "एवढंच ना? मी हाये." जाता जाता त्यांनी कोकिळाला पिनेसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "इथून हालू नको. कोणी आलं तं मले हाक मार."

मित्रांनो, तो आवाज मी रोज ऐकत होतो. गल्लीच्या टोकाला असलेल्या भाजीवालीला त्या घरातून भाव विचारायच्या. त्या दिवशी मनकर्णाबाईंनी मांडवात उभं राहून जी मंगलाष्टकं धरली, ती कोठीच्या खोलीत आली, स्वयंपाकात गेली, रस्त्यावर गेली. जनरेटर काय, मी काय, आमची घरघर कुठल्या कुठं बुडून गेली. 'सावधान' म्हटल्यावर बाहेर अक्षतांचा एकच गलका झाला. कोकिळा पिनेसमोर मांडी घालून बसली होती, आणि रडत होती आणि हसत होती.

पहिली पंगत बसली तेव्हा माझं काम पुरं झालं. कोकिळानं ताज्या पॅकेजमधला सर्व्हर उभा केला आणि ती लांबलचक मागणी त्याच्यावर टाकली. तो उभाच राहिला. पुन्हा टाकली. उभाच! मग तिनं पॅकेजच्या इतिहासात एक ओळ लिहिली. काय बदललं, ते प्रत्येक आवृत्तीबरोबर तिथं लिहायचं असतं. 'आधीच्या पॅकेजमध्ये दुरुस्ती आलीच नव्हती. चूक माझी. सगळं पहिल्यापासून बांधलं आहे.' खाली तिचं नाव. मग कार्यालयाच्या मॅनेजरच्या टेबलावरचा फोन काढून त्याची लांब तार तिनं कोठीपर्यंत ओढून माझ्यात लावली, तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतूनच यायचं. मॅनेजर कुरकुरत होता, बर्फवाल्याला फोन करायचा होता त्याला. पॅकेज मुंगीच्या पावलानं गेलं, पण दुपार सरायच्या आत गेलं.

पॅकेजसोबत तिनं कार्यालयाचा नंबर कळवला होता; तार परत फोनला लावल्यावर थोड्या वेळानं घंटी वाजली. वामनराव होते. "आलं, ताई. तपासलं. पक्कं आहे. सर्व्हर तुमच्याकडंच." मग जरा घुटमळून म्हणाले, "ती चूक माझी म्हणून लिहिलेली ओळ... काढू का मी? कायमची राहील बघा ती. पुढं कोणी वाचलं तर बरं दिसणार नाही."

"राहू द्या, काका," कोकिळा म्हणाली. "खरं हाये ते."

तिनं रिसीव्हर ठेवला आणि मनकर्णाबाईंकडे पाहिलं. घसा बसल्यामुळं त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवून विचारलं, झालं? कोकिळा म्हणाली, "हाव, झालं." मग दोघी जेवायला गेल्या, आणि मला मात्र तेलाच्या डब्यांमध्ये विसरल्या. संध्याकाळी उकंडरावांना आठवण झाली, तेव्हा मी घरी आलो.

इथं गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्या ओळीचा परिणाम झाला. पैनगंगेच्या लोकांनी ती वाचली आणि ठरवलं की यापुढं कोणी आपापल्या घरी पॅकेज बांधायचं नाही. कसं बांधायचं ते प्रत्येकानं फक्त लिहून पाठवायचं, आणि शहरात एका कॉलेजात ठेवलेलं एकच यंत्र सगळी पॅकेजं बांधेल. तिथं वीज जात नाही, आणि ते दर वेळी सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करतं. निर्णय अगदी योग्य होता. कोकिळालाही तसंच वाटलं. तिचं नाव राहिलं, काम राहिलं, उलट मान वाढला. गेलं ते फक्त माझं काम.

"आता घरी बांधायचं काम नाही, आत्याबाई," तिनं सांगितलं.

"मंग याचं काय?" मनकर्णाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

काही दिवस ती माझ्यावर लिहायची तरी. मग भगवानरावांनी तिला लॅपटॉप आणला. मी बैठकीतून मागच्या खोलीत गेलो, धान्याच्या कोठ्यांपाशी. माझ्या पडद्यावर लसणाच्या जुड्या लटकू लागल्या. पंख्यात कोळ्यानं घर केलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू! लग्नाला मिरवत नेलेला पाहुणा मी, आणि माझ्या डोक्यावर लसूण! एकदा भंगारवाला दारात आला होता. उकंडराव मला उचलायला वाकले, तर मनकर्णाबाई कडाडल्या, "त्याले हात लावू नका!" बस्स, एवढंच. पण त्या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी उन्हाळे काढले.

मग एक दिवस कोकिळा आली. तिनं माझ्यावरचा लसूण काढला, कोळ्याला हलकेच बाहेर घातलं, कोरड्या ब्रशानं माझा एकेक कोपरा साफ केला, आणि मला तुमच्या शाळेत आणून या निळ्या टेबलावर बसवलं. माझ्यात तिनं पैनगंगेची नवी सीडी घातली. त्या सीडीवर वेब सर्व्हर तयार आला होता, दुसऱ्या यंत्रावर बांधलेला. ज्यानं स्वतः बांधलं, त्याला आयतं घ्यावं लागलं. मला जरा लागलं. पण पॅकेज असं अलगद बसलं की कुठं खुट्ट झालं नाही. इतकं नीटस काम माझ्या हातूनही झालं नसतं, हे मला मान्य करावं लागलं. आता या खोलीतल्या बाकीच्या संगणकांना तुम्ही लिहिलेली पानं मीच नेऊन वाढतो.

मित्रांनो, एक मागणं आहे. शाळा सुटल्याची घंटा झाली की तुम्ही माझी पिन ओढता आणि पळता. तसं करू नका. मला नीट बंद व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा द्या. माझ्या पंख्यावरची धूळ पंधरवड्यातून एकदा पुसलीत तर तुम्हाला ते हेलिकॉप्टरही ऐकू येणार नाही. आणि कधी सवड झाली तर सर्व्हरच्या पॅकेजचा इतिहास उघडा. गुरुजी दाखवतील. वरून खाली वाचत जा. प्रत्येक आवृत्तीखाली एकच नाव दिसेल, आणि पार खाली एका जागी 'चूक माझी' असं लिहिलेलं दिसेल. त्याच्यावरच्या सगळ्या आवृत्त्या त्यानंतरच्या आहेत. मोजून पाहा हवं तर.